रिपोर्ट नॉर्मल आला तरी धडधडतंय, त्याबद्दल

अगं पोरी,

रात्री पावणेतीनला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी नाइट ड्युटीची सवय काही जात नाही, दोन ते चार डोळे टक्क उघडे. तू लिहिलंस, गर्भपिशवी काढली तिच्या बायोप्सीचा रिपोर्ट नॉर्मल आला, टाके सुकले, घरचे सगळे हातावर झेलतायत, तरी एकदम छातीत धडधडतं आणि वाटतं आता मी जाणार. आणि पुढच्याच मिनिटाला तो मेसेज डिलीट करून 'सॉरी सिस्टर झोपा तुम्ही' असं टाकलंस. मी वाचला होता गं. फोनवर बोललो असतो पण फोनवर तू 'हो हो बरोबर आहे' म्हणून ठेवून देतेस हे मला माहीत आहे, तू नवीन लागलीस तेव्हापासूनची सवय आहे ती तुझी, म्हणून लिहितेय. एका दमात वाचू नकोस, पाठ भरून येईल.

आधी हे सांगते की मला तुझ्या भीतीचं आश्चर्य वाटलं नाही. माझी पिशवी १९९८ मध्ये काढली, मी एकेचाळीस वर्षांची होते, तेव्हा आमच्याकडे दुर्बीण वगैरे काही नाही, सरळ पोट उघडायचं आणि आठ दिवस कॉटवर. दहाव्या दिवशी घरी आले आणि अकराव्या रात्री मोरीत बसून राहिले, उठायचीच भीती वाटली, आतले टाके सुटतील आणि मी तिथंच पडेन असं. दुसऱ्या दिवशी तपासायला गेले आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले नर्स असून घाबरता? ते वाक्य मला अजून बोचतं. म्हणजे त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, पण त्यानंतर मी कुणाला काही सांगितलंच नाही, तीन महिने एकटीनं काढले. म्हणून तू मेसेज केलास हे फार बरं केलंस, डिलीट केलास ते सोड.

आपल्यासारख्यांची गंमत अशी की आपल्याला जास्त माहिती असते आणि तीच जाच होते. साध्या बाईला पोटात कळ आली तर ती म्हणते गॅस असेल, आपल्याला कळ आली की आपल्याला हिमॅटोमा म्हणजे आत साचलेलं रक्त, इन्फेक्शन, क्लॉट, व्हॉल्टचे म्हणजे योनीच्या वरच्या टोकाचे टाके सुटणं, सगळं वॉर्डातल्या कॉट नंबरासकट आठवतं. वीस वर्षात हजार बायका ठणठणीत घरी गेल्या त्यातली एक आठवत नाही, जी एक परत आली तीच आठवते. तिसऱ्या रात्री तुझा उजवा खांदा दुखायला लागला आणि तू नवऱ्याला उठवून एक वाजता ईसीजी काढायला गेलीस. अगं दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा मागे राहतो, तो छाती न् पोटामधल्या पडद्याला चिडवतो आणि पडद्याची न् खांद्याची नस एकाच मुळातून येते म्हणून दुखतं खांद्यात. हे तूच किती पेशंटना सांगितलंयस! स्वतःची वेळ आली की सगळं साफ. पण ईसीजी काढला ते चुकलं असं नाही म्हणत मी, छातीची शंका आली तर काढायचाच. चूक एवढीच की ईसीजी नीट आला तरी तू पुढचे चार दिवस बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलीस.

आता मी तुला जे सांगणार आहे ते एकच आहे, बाकी सगळी त्याची नांगरणी. भीतीला 'काही नाही गं' म्हणून हाकलायचं नाही आणि तिच्यामागे पळायचंही नाही. तिला पेशंटसारखं तपासायचं. पेशंट म्हणाली सिस्टर घाबरं होतंय तर तू काय करतेस, तिला खोटी म्हणतेस का? नाही. लगेच स्ट्रेचर पण मागवत नाहीस. नाडी बघतेस, बीपी बघतेस, काय खाल्लं विचारतेस, आणि चार्टवर लिहितेस. बस्स तेच.

तर पहिलं शरीर. तुला मासिक पाळीत इतकं जायचं की हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं होतं, दोन बाटल्या रक्त चढवून मग ऑपरेशनला घेतलं. आत्ता किती आहे? बघितलंसच नाहीस ना. ज्या बाईचं रक्त कमी आहे तिला जिना चढताना धाप लागणार, पडल्यापडल्या धडधडणार, हात थरथरणार, आणि मनाला वाटणार की ही भीती आहे. सीबीसी कर, त्याबरोबर टीएसएच पण सांग, थायरॉइड वाढलं तरी हुबेहूब असंच होतं. लोहाच्या गोळ्या बंद केल्यास तर परत सुरू कर, डॉक्टर साधारण तीन महिने तरी चालू ठेवायला सांगतात, आणि त्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहानं लोह लागत नाही, लिंबू पिळून पाणी घे. चहावरून आठवलं, दिवसाला किती होतात? मला माहितीय तू सहा कप पितेस. दोनवर ये, संध्याकाळी पाचनंतर नाही.

दुसरं, तुझ्या ओव्हरीज ठेवल्यात, फक्त पिशवी आणि नळ्या काढल्यात, त्यामुळे पाळी येणार नाही पण महिन्याचं चक्र आतून चालूच राहतं. म्हणजे छाती जड होणं, चिडचिड, उगाच रडू येणं हे तारखेच्या आसपास येऊ शकतं आणि रक्त दिसत नसल्यामुळे कळतच नाही की हे ते आहे. कॅलेंडरवर खूण करत जा, दोन-तीन महिन्यात ध्यानात येईल. ज्या बायकांच्या ओव्हरीज पण काढतात त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना एका रात्रीत मेनोपॉज येतो, अंगाची लाही, घाम, झोप उडणं, धडधड, आणि त्यांनी हॉर्मोनबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच पाहिजे, गप्प बसून सोसायचं काम नाही. तुला पण जर गरम वाफा आल्यासारखं व्हायला लागलं तर सांग, ऑपरेशनच्या धक्क्यानं ओव्हरी काही दिवस मंद पडू शकते, पण मनानं ठरवू नकोस.

आणि आता ती यादी, जी लिहून फ्रिजवर लाव म्हणजे डोक्यात धरून ठेवायला नको. ताप १००.४ च्या वर. तासाला एक पॅड भिजेल इतकं ताजं रक्त. घाण वासाचा डिस्चार्ज. पोट फुगून उलट्या. लघवी अडकणं किंवा सारखी आपोआप गळणं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं. एकदम दम लागणं आणि श्वास घेताना छातीत टोचणं. यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, कुणाला काय वाटेल हा विचार करायचा नाही, तडक हॉस्पिटल. यातलं काही नसेल तर ती गोष्ट बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकते. काल तुला हलका गुलाबी डाग दिसला म्हणून तू हादरलीस, अगं दोन-तीन आठवड्यांनी आतले टाके विरघळतात तेव्हा दिसतो तसा डाग, सहा आठवड्यांपर्यंत थोडंफार चालतं.

आता चार्ट. एक शंभर पानी वही घे, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या चार्टसारखे रकाने आख. वेळ, त्या आधी काय चाललं होतं, नाडी, मनात नेमकं कुठलं वाक्य आलं, किती मिनिटं राहिलं. नुसतं 'भीती वाटली' असं लिहायचं नाही, ते 'पेशंट बरी नाही' असं लिहिण्यासारखं झालं, आपण असं लिहिणाऱ्या पोरींना किती रागवायचो. 'रात्री २.४०, कुशीवर वळताना पोटात ओढ, नाडी ११०, वाक्य टाका सुटला, १२ मिनिटं'. असं. मी १९९८ ला हे केलं नव्हतं, मला कुणी सांगितलंच नाही, पुढे वॉर्डात बायकांबरोबर केलं आणि मग कळलं की भीतीला पण वेळापत्रक असतं. जवळजवळ सगळ्यांची रात्री येते, नाहीतर दुपारी घर सामसूम असताना. आणि झटका आला की त्याचा जोर साधारण दहा मिनिटात शिगेला जातो, मग उतरतो. उतरतोच. तू काही केलंस तरी उतरतो, नाही केलंस तरी उतरतो, हे वहीत स्वतःच्या अक्षरात आठ-दहा वेळा लिहिलेलं दिसलं की मग मन ऐकतं. माझं ऐकणार नाही ते, तुझंच अक्षर ऐकेल.

त्या दहा मिनिटात काय करायचं. श्वास नाकानं घ्यायचा चार आकडे, सोडायचा सहा आकडे, सोडणं घेण्यापेक्षा लांब पाहिजे एवढंच ध्यानात ठेव, खोल खोल भराभरा श्वास घेतलास तर बोटांना मुंग्या येतील आणि तुला वाटेल आता अर्धांग. आकड्यांचा कंटाळा येतो म्हणून मी स्टेशनं म्हणते. मी किती वर्षं अपडाऊन केलं ते तुला माहितीच आहे. मिरज म्हणून श्वास सोडायचा, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, कोल्हापूर, मधली बारकी सोडून देते मी. कोल्हापूर आलं की परत उलटं. हसू नकोस, रुकडीच्या पुढं पंचगंगेचा पूल येतो ना, गाडीचा आवाज बदलतो, तिथं माझे खांदे आपोआप खाली येतात अजून. तुझी तुझी काहीतरी लाइन असेल, नाहीतर माझी घे उसनी.

एक मात्र नको. भीती वाटते म्हणून गोष्टी टाळू नकोस. तू म्हणालीस की तू बाथरूमची कडी लावत नाहीस, जिना उतरत नाहीस, एकटी खोलीत झोपत नाहीस. पहिले चार दिवस ठीक होतं, आता विसावा दिवस आहे. जी गोष्ट टाळशील ती उद्या दुप्पट मोठी दिसेल. आज कडी अर्धी लाव. उद्या जिना एक मजला, कठडा धरून. रोज चालायचंच आहे तसंही, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून, कालच्यापेक्षा पाच मिनिटं जास्त. पण वजन उचलायचं नाही म्हणजे नाही, सहा आठवडे भरलेली कळशी नाही, गव्हाचा डबा नाही, आणि लेक सात वर्षांची आहे तिला उचलून घेऊ नकोस, तू खुर्चीत बस, ती येईल मांडीवर. चिऊला जवळ घेता येत नाही म्हणून तू रडलीस असं तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. उचलता येत नाही गं, जवळ घेता येतं.

आणि संडासला जोर करू नकोस, हे कुणी पत्रात लिहीत नाही पण निम्मी भीती तिथंच असते, टाके तटतटा तुटतील अशी. रात्री इसबगोल, सकाळी पपई, भरपूर पाणी, पायाखाली छोटं स्टूल.

आता जे तू दोन ओळीत लिहून घाईनं पुढं गेलीस त्यावर येते. तू लिहिलंस की सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले आणि तू पहिला घास घेऊन ताट बाजूला सारलंस. त्यांना वाटलं लाडू बिघडले. मला कळलं. अळीव, डिंक, हे बाळंतिणीचं खाणं, आणि तुला परत बाळंतीण व्हायचं नाही आता, हे त्या लाडवानं सांगितलं तुला. बिचाऱ्या सासूबाईंना बाईनं कॉटवर पडायचं म्हणजे लाडू एवढंच माहिती. पोरी, तुला दुसरं मूल हवं होतं, चौतिसाव्या वर्षी तो दरवाजा बंद झाला, त्याचं दुःख वेगळं आणि छातीतली धडधड वेगळी, पण दोन्ही एकाच घरात राहतात म्हणून एकमेकींचे कपडे घालतात. कधीकधी रात्री २.४० ला जे येतं ते भय नसतं, रडू असतं, त्याला वाट मिळाली नाही म्हणून ते धडधडतं. वहीत त्याचा पण एक रकाना ठेव. आणि सासूबाईंना एकदा सांग सरळ, त्या ओरडणार नाहीत, मला वाटतं त्याच रडतील.

दुसरं एक तू तोंडानं बोलली नाहीस पण विचारलंस फिरवून, की सिस्टर बीडचं वाचलं होतं तुम्ही? वाचलं होतं. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या, २०१९ ला विधिमंडळात आकडा आला होता, तीन वर्षात एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५, ऊसतोडीच्या आणि इतर बायका मिळून. विशी-तिशीतल्या पोरी, पांढरं जातंय म्हणून, पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो म्हणून, कॅन्सर होईल अशी भीती घालून. ते वाचून माझा संताप संताप झाला होता आणि आपल्या धंद्याची लाज वाटली होती. पुढे २०२२ ला केंद्रानं अनावश्यक हिस्टरेक्टॉमी, म्हणजे पिशवी काढायची ऑपरेशनं, रोखायच्या गाइडलाइन्स काढल्या, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना त्या तीन महिन्यात लागू करा म्हणून सांगितलं. पण तू स्वतःला त्यांच्या रांगेत बसवू नकोस. तू दोन वर्षं गोळ्या घेतल्यास, कॉपर-टीसारखं ते हॉर्मोनचं बसवलं ते रक्ताबरोबर पडून गेलं, दोन डॉक्टरांना दाखवलंस, रक्त चढवावं लागलं. त्या बायकांना विचारलंच गेलं नाही, तुला विचारलं आणि तू हो म्हणालीस. हो म्हणाल्यावर पण वाईट वाटू शकतं, त्यानं निर्णय चुकीचा ठरत नाही.

शेजारणींचं काय सांगू. पिशवी काढली की बाईच्या डोक्यावर परिणाम होतो, पिशवी काढली की बाई आतून पोकळ, हे मी मिरजेत पण ऐकलं, कोल्हापुरात पण. फार जुनं दुखणं आहे हे, हिस्टेरिया हा शब्दच मुळी ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला, तेव्हाचे वैद्य म्हणायचे की बाईची पिशवी अंगभर भटकते म्हणून ती वेड्यासारखी करते. म्हणजे असली तरी वेडी, काढली तरी वेडी! पोकळ वगैरे काही नसतं, आतडी सरकून जागा भरतात, तुला शिकवलंय कॉलेजात. कुणी विचारलं तर सांग पोटातला गोळा काढला, आता पोटात गोळा येतो तेवढा राहिलाय. मी सांगायचे असं, बायका हसायच्या न् विषय बदलायचा.

नवऱ्याबद्दल. तो घाबरलाय तुझ्याइतकाच, फक्त तो गाडी पुसत बसतो. त्याला सांग की सहा आठवडे संबंध नाही, डॉक्टरांनी आतून तपासून हो म्हटल्यावर, आणि तेव्हा पण तुला नको वाटलं तर नको. हे आधी बोलून ठेवलं की रात्री तो कुशीवर वळला तरी तुझ्या पोटात धस्स होणार नाही.

आता मी रागावणार आहे. तुझ्या मैत्रिणीनं तुला अल्प्राझोलॅमची, म्हणजे त्या घबराटीवरच्या गोळ्यांची, स्ट्रिप आणून दिली हे मला कळलं, कुणाकडून ते विचारू नकोस. आपण नर्सेसनी हे करायचं नाही. दुखण्यावरची ट्रामाडॉल चालू असताना ती गोळी घेतली तर ग्लानी किती येते आणि श्वास किती मंदावतो हे तू रिकव्हरी रूममध्ये डोळ्यांनी बघितलंयस. आणि तिची सवय लागते, रोज घेतली तर काही आठवड्यातच लागू शकते. रोजची घेत नसलीस तर ती स्ट्रिप परत कर, आणि रोज घेत असशील तर मनानं एकदम बंद पण करू नकोस, डॉक्टरांना खरं सांग. वहीत दोन आठवडे झाले तरी रकाने भरतच असतील, झोप तीन-चार तासांच्या वर जात नसेल, खाणं सुटलं असेल, तर मानसोपचाराच्या ओपीडीत जायचं, मी येते बरोबर, बाहेर बाकावर बसते. त्यांच्या गोळ्यांना लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, चार दिवसात सोडून 'उपयोग नाही' म्हणायचं नाही, आणि ट्रामाडॉल घेतेयस हे त्यांना आधी सांगायचं, दोन्हीचं जमत नाही नेहमी. मध्यरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि मी फोन उचलला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस, सरकारचं आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आणि जर कधी मरायची भीती जाऊन मरावंसं वाटायला लागलं, तर ते वहीत नाही लिहायचं, त्याच क्षणी नवऱ्याला उठवायचं. हे मी प्रत्येकीला सांगते, तुलाच म्हणून नाही.

ड्युटीची घाई करू नकोस. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणून लोक म्हणतील चार आठवड्यात उभी राहते बाई, राहते, बँकेत बसून काम असेल तर. आपण पेशंट उचलतो, ट्रॉली ढकलतो. आठ आठवडे माग, त्यानंतर महिनाभर नाइट नको आणि लाइट ड्युटी असं सर्टिफिकेटवर लिहून घे. मेट्रन तोंड वाकडं करेल, करू दे, मी पण करायचे.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. वही काढून ठेव, अर्धी भरलेली असली तरी चालेल, रिकामी असली तर मात्र बोलणी खाशील. आणि ते अळिवाचे लाडू टाकले नसतील तर डबा राहू दे, मला आवडतात. मी आणि सासूबाई खाऊ, तू बघत बस, वाटलं तर घे.

तुझी,
सिस्टर

ता. क. स्टेशनावर न्यायला येऊ नकोस, स्कूटी इतक्यात नाही चालवायची. जोरात ब्रेक दाबून पोटात दुखत नाही इतकी बरी झालीस की मग.